एकोणिसाव्या पानावरचा खलाशी

जुळाऱ्याच्या डोळ्यांत आयुष्यभर एकच माणूस खुपला, आणि तो माणूस त्यानेच जन्माला घातला होता.

जुळारी म्हणजे कोण, हे हल्ली सांगावं लागतं. छापखान्यात शिशाचे खिळे एकेक उचलून, उलटे वाचून, ओळीत बसवणारा माणूस म्हणजे जुळारी. आमच्या या जुळाऱ्याने हे काम अडतीस वर्षं केलं. त्याने लग्नपत्रिका जुळवल्या, निवडणुकीची पत्रकं जुळवली, खोकल्याच्या औषधाची लेबलं जुळवली, एका कवीचे लागोपाठ सात संग्रह जुळवले आणि इतकं होऊनही तो धडधाकट राहिला. मग संगणक आले, खिळे मोडीत गेले आणि जुळारी घरी बसला. घरी बसला म्हणजे बायकोच्या शिवणयंत्रासमोरच्या खुर्चीत बसला. तिथून उठायचं तर एक कारण द्यावं लागे आणि परत यायचं तर दुसरं.

कारण बायकोचा पहिला प्रश्न ठरलेला. जुळारी पाव आणायला गेलेला असो की दाढ काढून घ्यायला, दार वाजलं की ती मशीनवरून मान वर न करता विचारायची, "उशीर का झाला?" एकदा तो खरोखरच लवकर आला, तेव्हाही तिने सवयीने हेच विचारलं. आणि त्याने काही उत्तर दिलं, की ते निम्म्यात तोडून म्हणायची, "तो खलाशी बघा. एवढ्या समुद्रावरून आला, पण सांगितल्या दिवशी आला."

झालं. खलाशी आला, की जुळारी गप्प.

हा खलाशी राहायचा शिवणयंत्राच्या खणात, रिळं आणि बॉबिनांच्या मध्ये. तिथे एक चोवीस पानी पुस्तिका होती. समुद्रकाठच्या एका तटबंदीच्या गावाची माहिती, लिहिणार इतिहासाचे एक मास्तर, छापणार जुळाऱ्याचा छापखाना. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात जुळाऱ्याने ती घरी आणली होती, नव्या बायकोला आपलं काम दाखवायला. बायकोने तोफांची लांबी वाचली, बुरुजांची संख्या वाचली, जांभई दिली आणि मग एकोणिसाव्या पानाच्या तळाशी तिची मान वर यायचंच विसरली. तिथे चार ओळी होत्या.

"बंदराच्या या पायऱ्यांवर एक बाई आपल्या खलाशाची वाट पाहत बसे. सांगितलेल्या दिवशी तो आला, पण संध्याकाळ करून, एका पायातला जोडा हातात घेऊन. तिने त्याला काही विचारले नाही. ती नुसती थोडी सरकली आणि तिने त्याला शेजारी जागा करून दिली."

"किती छान लिहिलंय मास्तरांनी," बायको म्हणाली.

जुळाऱ्याने तेव्हा खरं सांगायला हवं होतं, पण तो नवा नवरा होता आणि नव्या नवऱ्याला अक्कल उशिरा येते. त्या ओळी मास्तरांच्या नव्हत्या. झालं होतं असं, की एकोणिसावं पान चार ओळींनी कमी भरलं. अशा वेळी तळाशी वेलबुट्टीचा ठोकळा बसवायची रीत. पण छापखान्यात वेलबुट्टी एकच, आणि ती त्या दिवशी कुणाच्या तरी लग्नपत्रिकेत अडकलेली. मास्तर परगावी, मालक जेवायला, यंत्रवाला दारात उभा राहून "झालं का, झालं का" करत होता. तेव्हा जुळाऱ्याने समोर कागद नसताना, थेट खिळ्यांच्या घरात हात घालून चार ओळी जुळवल्या. अडतीस वर्षांत लाखभर ओळी त्याच्या हाताखालून गेल्या, पण दुसऱ्याच्या हस्ताक्षरातून न आलेल्या तेवढ्या चारच. मुद्रितं तपासणाऱ्याने ऱ्हस्वदीर्घ पाहिलं, बरोबर होतं, आणि खलाशी छापून मोकळा झाला.

मास्तर कळल्यावर आकांडतांडव करतील म्हणून जुळारी महिनाभर जीव मुठीत धरून होता. मास्तरांनी चकार शब्द काढला नाही. उलट दुसऱ्या आवृत्तीत त्यांनी त्या चार ओळींची दोन पानं केली आणि खाली लिहिलं, "परंपरेने चालत आलेली कथा." ती दोन पानंही जुळाऱ्यालाच जुळवावी लागली. बायकोने मात्र दुसऱ्या आवृत्तीला हात लावला नाही. तिला पहिलीच पुरली.

नुसती आवड असती तर जुळाऱ्याने चालवून घेतलं असतं. पण मुलगी दोन वर्षांची असताना छापखान्याला आग लागली आणि त्याला दूरच्या शहरात सहा महिने काम धरावं लागलं. तेव्हा बायको रोज रात्री लेकीला त्या चार ओळी वाचून दाखवायची. "तो आला ना? मग बाबाही येतील." बाबा आले, सामानाची ट्रंक घेऊन, ठरल्यापेक्षा नऊ दिवस उशिरा. बायकोने दार उघडलं आणि काय विचारलं असेल ते सांगायला नको. जुळारी वैतागून म्हणाला, "त्या बाईने विचारलं नव्हतं."

"तिचा सांगितल्या दिवशी आला होता," बायको म्हणाली, आणि ट्रंक आत ओढली.

त्या दिवसापासून जुळाऱ्याच्या मनात खलाशाबद्दल अढी बसली. आपण चार ओळींत उभा केलेला माणूस आपल्याच घरात आपल्यापेक्षा वरच्या खुर्चीत बसतो, हे त्याला सोसेना. ते गाव बघायला जाऊ, असं बायको दर वर्षी म्हणायची आणि दर वर्षी जुळारी हातावर तुरी द्यायचा. कधी पाठ धरली, कधी छापखान्यात निवडणूक आली. खरी भीती एकच होती. तिथे गेल्यावर ती कुणाला तरी पायऱ्या विचारणार, तो म्हणणार असं काही इथे घडलंच नाही, आणि मग हे आलं कुठून याचा शोध सुरू होणार. बायकोने एकदा उसवायला घेतलं, की ती शेवटच्या टाक्यापर्यंत थांबत नसे.

शेवटी मुलीनेच परस्पर एका दिवसाची तिकिटं काढली. सकाळची गाडी, संध्याकाळची परत, खिडकीच्या दोन जागा. जुळारी तिकिटं रद्द होतात का ते विचारून आला. पण दोन दिवस विचार करून त्याने वेगळाच हिशोब मांडला. मास्तर जाऊन वीस वर्षं झाली, मालक गेले, छापखान्याच्या जागी चष्म्याचं दुकान आलं. आता विचारणार कुणाला? गावातला कुणीतरी सांगेल, "आजी, असला खलाशी आम्ही ऐकलेला नाही," आणि पीडा टळेल. सुंठीवाचून खोकला गेला. जुळारी त्या सकाळी स्वतःहून उठला, दाढी केली आणि शीळ घालू लागला. बायकोने त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला.

तिने सोबत घेतलेल्या सामानात सहा लोक आठवडाभर राहिले असते. उकडलेली अंडी, केळी, दोन छत्र्या, सुईदोरा, चादर, आणि सगळ्यांत वर रुमालात गुंडाळलेली ती पुस्तिका. गाडी सुटली तसं तिने एक अंडं सोलून त्याच्या हातात दिलं आणि विचारलं, "तुम्हाला कसा दिसतो हो तो?"

"कोण?"

"खलाशी."

"बुटका," जुळारी म्हणाला. "पोट सुटलेला."

"छे. उंच असणार. आणि कमी बोलणारा."

जुळारी बुटका होता आणि छापखान्यात त्याला बडबड्या म्हणत. त्याने अंडं मिठाशिवाय गिळलं आणि खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर शेतं, गोदामं, पाण्याच्या टाक्या आपापल्या जागी नीट उभ्या होत्या, कुणाचं कुणाशी काही वैर नव्हतं.

ऐतिहासिक गाव म्हणजे असं गाव, जिथे पडकी भिंत पाडत नाहीत. हे गाव तर भिंतींवरच जगत होतं. स्टेशनाबाहेर पडल्यापासून प्रत्येक दगडावर पाटी. इथे अमक्याने तह केला, इथे तमक्याने तो मोडला. वेशीवर एक तोफ होती, तिच्या तोंडात कुणीतरी शीतपेयाचा डबा कोंबला होता. संग्रहालयात गंजलेल्या तलवारी, तुटके कंगवे आणि झोपलेला पहारेकरी पाहून झाला. बायकोचं कशातच लक्ष नव्हतं. ती दर दहा पावलांवर विचारत होती, "बंदर कुठे?" आणि लोक हात दाखवत होते, खाली, उतारावरून खाली.

उतार संपला तिथे वारा आला, वाऱ्यामागे समुद्र आला, आणि समुद्रासमोर पुतळा आला.

जुळारी जागच्या जागी थबकला. चौथऱ्यावर साडेसहा फुटी ओतीव पितळेचा पुरुष उभा होता. खांदे रुंद, हनुवटी अशी की त्यावर भाजी चिरावी. नजर क्षितिजावर. डोक्यावर एक पांढरा समुद्रपक्षी आपलं काम उरकून बसला होता. आणि पुतळ्याच्या उजव्या हातात एक जोडा होता.

"बघा," बायको म्हणाली. "उंच."

पायऱ्यांशी पंधरावीस माणसांचा घोळका होता आणि मध्ये गाईडबाई. पस्तिशीची, गळ्यात छोटा कर्णा अडकवलेली, उन्हाने रापलेली, आवाज असा की पुतळ्यालाही ऐकू जावं. "आणि हा जोडा," ती सांगत होती, "हे प्रतीक आहे. एक पाऊल जमिनीचं आणि एक पाऊल समुद्राचं. विद्वानांची यावर बरीच मतं आहेत." लोक माना डोलवत होते. जुळाऱ्याने दाढेखाली जीभ धरली. विद्वानांची मतं!

"ती रोज इथे बसायची," गाईडबाई पुढे म्हणाली, आणि कर्ण्यातला आवाज तिने खाली आणला. "सांगितलेला दिवस उजाडला. संध्याकाळ झाली. आणि लाटांबरोबर आला तो फक्त हा एक जोडा. तो कधीच आला नाही."

घोळक्यातून हळहळ उठली. एका बाईने डोळे पुसले. जुळाऱ्याच्या बायकोने मात्र छत्री वर केली.

"आला होता," ती म्हणाली.

"आजी, कथेत तो बुडतो."

"बुडत नाही. उशिरा येतो, पण त्याच दिवशी येतो. हे बघा, छापलंय." तिने रुमाल सोडून पुस्तिका काढली, एकोणिसावं पान आपसूक उघडलं, आणि तिने त्या चार ओळी कर्ण्याशिवाय सगळ्यांना वाचून दाखवल्या.

गाईडबाई वाईट नव्हती. तिने पुस्तिका हातात घेऊन नीट पाहिली. "ही फार जुनी आवृत्ती आहे, आजी. नंतरच्या आवृत्तीत दुरुस्ती झाली, त्यात तो बुडतो. तेव्हाचे छापखानेवाले काय, पान भरायला काहीही घालायचे."

शिवी खरी असली की जास्त झोंबते. जुळाऱ्याचे कान तापले. पण त्याच वेळी त्याच्या लक्षात आलं, की आपण जिंकलोय. वैरी मेला. साडेसहा फुटी, पितळी, अधिकृत मरण, साक्षीला वीस माणसं. आता दार वाजल्यावर कुणी त्याचं नाव काढणार नव्हतं. घरी जायचं आणि खुर्चीत निवांत बसायचं, बस.

मग त्याने बायकोकडे पाहिलं. ती पुस्तिका पिशवीत ठेवायला गेली होती आणि पिशवीचं तोंड तिला सापडत नव्हतं. पन्नास वर्षं सुईत दोरा ओवणारे हात, आणि एवढी मोठी पिशवी. "मी पोरीला खोटंच वाचून दाखवत होते म्हणजे," ती कुणालाच उद्देशून नाही अशी म्हणाली, आणि पहिल्या पायरीवर बसली. सहा महिने ती ज्या आधारावर तगली होती तो आधार चुकीचा छापलेला होता, असं तिला आत्ताच कळलं होतं. 

"आला होता तो," जुळारी म्हणाला.

"आजोबा, तुम्हाला काय माहीत?" गाईडबाईने विचारलं.

"मीच आणला होता."

मग जुळाऱ्याने उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. चार ओळींची रिकामी जागा, अडकलेली वेलबुट्टी, दारातला यंत्रवाला, परगावी गेलेले मास्तर. बडबड्या म्हणून प्रसिद्ध असूनही एवढं सलग तो कधी बोलला नव्हता. घोळक्यात कुणी हसलं, कुणी त्याचा फोटो काढला. एकाने विचारलं, हे पण सहलीत धरलेलं आहे का.

गाईडबाई हसली नाही. तिने पुतळ्याच्या हाताकडे बोट केलं. "आणि तो जोडा?"

"माझा. बायकोला पहिल्यांदा बघायला चाललो होतो, वाटेत वहाणेचा अंगठा तुटला."

"अकरा वर्षं," गाईडबाई म्हणाली, "अकरा वर्षं मी लोकांना प्रतीक सांगतेय." मग तिने कर्णा बंद केला आणि हळूच विचारलं, "उद्यापासून काय सांगू?"

"आला म्हणून सांगा," जुळारी म्हणाला. "एवढंच सांगा."

घोळका चहाच्या टपरीकडे गेला. पायरीवर बायको उरली आणि दोन पायऱ्या खाली जुळारी. बायको समुद्राकडे बघत होती. जुळाऱ्याने तिचे नाना तऱ्हेचे राग पाहिले होते, भांडी आदळणारे, मशीन जोरात चालवणारे, पण हा गप्प राग त्याच्या ओळखीचा नव्हता.

"म्हणजे तुम्ही लंगडत होतात ते त्यामुळे," शेवटी ती म्हणाली.

"एक पाय अनवाणी, दोन मैल. खडे रुतले. तुझं घर आलं तेव्हा दुसरीही वहाण काढून पिशवीत कोंबली."

"आईला आठ दिवस झोप नव्हती. मुलगा चांगला आहे पण पायाने अधू आहे, म्हणायची. लग्नात तुम्ही सरळ चालत आलात तेव्हा रडली बिचारी."

"मला वाटलं, तुला सोडताना रडली."

"मला सोडताना कशाला रडेल?" बायको म्हणाली. मग पिशवीचे बंद ओढून, "दोन तास उशीर केला होतात त्या दिवशी. आत सगळे चिडलेले. मी बाहेर येऊन पायरीवर बसले होते."

"हो."

"आणि मी काहीच विचारलं नाही?"

"नाही. नुसती सरकलीस. आयुष्यात एकदाच तू उशीर का झाला विचारलं नाहीस, म्हणून तर छापून ठेवलं."

बायकोच्या ओठाचा एक कोपरा हलला, पण तिने तो लगेच जागेवर आणला. "आणि सेहेचाळीस वर्षं मी त्याच्यावरून तुम्हाला बोलतेय, आणि तुम्ही मूग गिळून."

"आधी धीर झाला नाही. मग तो तुला आवडायला लागला. तो मीच म्हटल्यावर आवडला असता का?"

यावर बायकोने खोटं बोलायचा प्रयत्नही केला नाही. तिने पुस्तिका पुन्हा काढली, ते पान उघडलं आणि त्या चार ओळींवरून बोट फिरवलं, कापडाचा पोत बघताना फिरवते तसं. "अजून एक ओळ रिकामी असती, तर काय घातलं असतंत?"

जुळाऱ्याने विचार केला. "घातलं असतं, की पुढेही तिने त्याला कधी विचारलं नाही."

"ते कुणाला खरं वाटलं नसतं."

"म्हणून तर बरं झालं, चारच होत्या."

जुळारी चहा आणतो म्हणून उठला. टपरी धक्क्याच्या पार दुसऱ्या टोकाला होती, आणि तिच्यापुढे तोच घोळका रांग लावून उभा होता. वीस माणसं, वीस फर्माइशी, कुणाला साखर कमी, कुणाला दूध वेगळं. शिवाय ज्याने फोटो काढला होता त्याला वेलबुट्टी म्हणजे काय हे समजून घ्यायचं होतं, आणि विचारल्यावर जुळारी सांगितल्याशिवाय राहणाऱ्यांतला नव्हता. दोन पेले घेऊन तो परत निघाला तेव्हा ऊन कलतीला लागलं होतं, पुतळ्याची सावली पाण्यात गेली होती आणि परतीच्या गाडीला जेमतेम तास उरला होता. पायऱ्या ओल्या होत्या. तो एकेक पाय जपून टाकत, पेले सांभाळत वर आला.

बायकोने मान वर केली. तिचं तोंड उघडलं. सेहेचाळीस वर्षांचा प्रश्न जिभेवर आलेला जुळाऱ्याला स्पष्ट दिसला, आणि त्याने सवयीने टपरी, रांग, साखर असं उत्तर जुळवायलाही घेतलं.

तिने तोंड मिटलं. पिशवी उचलून पलीकडे ठेवली आणि ती थोडी सरकली.

जुळारी बसला. दोघांनी चहाचा एकेक घोट घेतला. चहा गार होता, आणि तेवढं मात्र तिने त्याला ऐकवलंच.